रस्त्यावरची मोटार ट्रॅकवर नेताना

ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठू शकणारी मोटार आज आपल्याकडे कितीतरी घरांसमोर उभी असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात ती ताशी १०० किलोमीटरने धावते आणि तिला काही होत नाही. पण हीच मोटार जशीच्या तशी शर्यतीच्या मार्गावर नेली आणि जोरात पिटाळली, तर दहा-पंधरा मिनिटांतच जळका वास येऊ लागतो, टायरच्या कडा सोलवटतात आणि कधीकधी ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ पडते. इंजिन तेच, रस्ता तर उलट अधिक गुळगुळीत, समोरून येणारी वाहने नाहीत, खड्डे नाहीत. मग असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकातच आहे. गतिज ऊर्जा, विशिष्ट उष्मा, वायूंचे नियम, पास्कलचा नियम आणि पायथागोरसचा सिद्धान्त एवढी सामग्री आपल्याला पुरेल.

आधी ट्रॅकविषयी थोडेसे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० पासून ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग आहे. त्यापूर्वी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर होत. कोइमतूरजवळ २.१ किलोमीटरचा कारी मार्ग २००३ पासून आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग ५.१ किलोमीटरचा असून २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वन शर्यत झाली. जर्मनीतला न्युरबुर्गरिंगचा उत्तरेकडील वेढा तर जवळजवळ २१ किलोमीटरचा आहे. १९२७ पासूनच्या या मार्गावर ठरावीक दिवशी पैसे भरून कोणीही परवानाधारक आपली मोटार नेऊ शकतो. असे शर्यतीविना फेऱ्या मारण्याचे दिवस इतर ट्रॅकवरही ठेवतात. त्यांना 'ट्रॅक डे' म्हणतात. तेथे नंबर नसतो, बक्षीस नसते. आपली मोटार आणि आपले कौशल्य कोठवर जाते, ते मोकळ्या जागेत पाहायचे, एवढाच हेतू. पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या, मग विश्रांती, पुन्हा फेऱ्या, आणि संध्याकाळी त्याच मोटारीने घरी परतायचे. हे शेवटचे लक्षात ठेवा, कारण खरी अडचण तेथेच आहे. शर्यतीची मोटार ट्रेलरवरून नेता येते. ही मोटार मात्र सकाळी ट्रॅकची आणि रात्री रस्त्याची असायला हवी.

आता बहुतेकांच्या मनात प्रथम इंजिन येते. त्याची शक्ती वाढवावी काय? माझे मत विचाराल, तर इंजिनाला हात लावू नये. मोटारीच्या कमाल वेगाजवळ हवेचा विरोध फार वाढलेला असतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची शक्ती १० टक्के वाढवली, तर कमाल वेग वाढतो जेमतेम ३ टक्के. पण वेग ३ टक्के वाढला की गतिज ऊर्जा, ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे, ६ टक्क्यांहून अधिक वाढते. ही जादा ऊर्जा पुढच्या वळणाआधी कोणाला तरी गिळावी लागते. ते काम ब्रेकचे.

चला, आकडे घालून पाहू. मोटार, पेट्रोल आणि चालक मिळून वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरू. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी १५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१.७ मीटर. वळणासाठी तो ताशी ६० पर्यंत, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटरपर्यंत उतरवायचा आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, हे सूत्र दोनदा वापरून वजाबाकी करा. उत्तर सुमारे पावणेनऊ लाख ज्यूल येईल. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे पावणेतीन लिटर पाणी उकळीला येते. चहाचे मोठे पातेले म्हणा ना! आणि हे घडते केवळ तीन सेकंदांत. भागाकार केलात तर ब्रेक या तीन सेकंदांत सुमारे ३०० किलोवॅट दराने ऊर्जा गिळताना दिसतील. आपल्या छोट्या मोटारीचे इंजिन असते ६०-६५ किलोवॅटचे. म्हणजे मोटारीतले सर्वांत शक्तिमान यंत्र इंजिन नव्हे, ब्रेक होत. इंजिनाच्या जवळजवळ पाचपट!

यातला मोठा वाटा पुढच्या चाकांना उचलावा लागतो. ब्रेक दाबला की मोटारीचे नाक खाली जाते, हे तुम्ही पाहिले असेल. गुरुत्वमध्य रस्त्यापासून अर्ध्या मीटरहून थोडा वर असतो आणि ब्रेकचे बल मात्र जमिनीलगत लागते. त्यामुळे मोटार पुढे कलंडू पाहते व मागच्या चाकांवरचा भार पुढे सरकतो. उभ्या मोटारीत पुढच्या चाकांवर ६० टक्के भार असला, तर जोराच्या ब्रेकमध्ये तो ८० टक्क्यांच्या आसपास जातो. पुढच्या दोन चकत्यांनी, म्हणजे डिस्कनी, तीनचतुर्थांश उष्णता घेतली असे धरा. प्रत्येक डिस्क ६ किलोग्रॅम बिडाची. बिडाचा विशिष्ट उष्मा किलोग्रॅममागे अंशाला सुमारे ४६० ज्यूल. तर एका ब्रेकमध्ये डिस्क ११५ ते १२० अंशांनी तापते. ती जरा निवते न निवते तोच पुढचे वळण येते.

आपला बोरघाट घ्या. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे ५५० मीटरची उतरण आहे. तेवढे उतरताना आपल्या मोटारीची ६५ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. ती सगळी ब्रेकनेच घेतली असे मानले, तरी वीस मिनिटांत वाटली गेल्यावर सेकंदाला साडेपाच हजार ज्यूलही भरत नाही. त्यात हवा आणि खालच्या गिअरमधले इंजिनही भार वाटून घेतात. आता ट्रॅकवर अडीच मिनिटांच्या फेरीत पाच मोठी वळणे धरा आणि प्रत्येकी सरासरी सात लाख ज्यूल. उत्तर येते सेकंदाला तेवीस हजार ज्यूल. हजार वॅटच्या तेवीस इस्त्र्या चाकांत बसवून एकसारख्या चालू ठेवल्यासारखेच हे झाले. घाटात ब्रेक तापल्याचा वास ज्यांनी घेतला असेल, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

ब्रेक बुडतो तेव्हा

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपली चार वर्षांची मोटार दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर नेली होती. पाचव्या की सहाव्या फेरीत त्याने ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला जाऊन टेकले. सुदैवाने वळणाबाहेर मोकळा मातीचा पट्टा होता, मोटार तेथे रुतून थांबली. त्याला खरचटलेही नाही. पण तासाभराने त्याचा फोन आला, "सर, आता ब्रेक एकदम ठणठणीत लागतायत. मेकॅनिकला काही दोष सापडत नाही. मग तेव्हा झालं तरी काय?"

मी त्याला एकच विचारले, "ब्रेक ऑइल कधी बदललं होतंस?"

"ते बदलतात का सर?"

ब्रेकमधल्या द्रवाला आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नव्हे. बहुतेक मोटारींत ते ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचे मिश्रण असते. पेडलवरचा दाब पास्कलच्या नियमाने चाकांपर्यंत पोचवणे हे त्याचे काम, आणि द्रव जवळजवळ दाबला जात नाही म्हणूनच ते साधते. आता या द्रवात एक खोड आहे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून, अगदी हळूहळू, पण वर्षानुवर्षे पाणी त्यात मुरत राहते. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १५५ पर्यंत उतरला तरी मानकाला चालते. 'डॉट ३' साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत, 'डॉट ५.१' साठी २६० आणि १८०.

डिस्कची उष्णता पॅडमधून, पॅडमागच्या दट्ट्यातून या द्रवात झिरपते. १६० अंश झाले की जुन्या द्रवाला उकळी फुटते व वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ हा वायू, आणि वायू दाबला जातो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ते बुडबुडे आक्रसतात, दट्ट्या मात्र हलत नाही. पेडल तळाला! पुढे मोटार उभी राहिली, द्रव निवला, वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि द्रवात मिसळून गेले. दोष सापडणार कसा? गुन्हेगार जागेवरून पसार झालेला असतो. रस्त्यावर या द्रवाने चार वर्षे कधी तक्रार केली नाही, कारण रस्त्यावर त्याला १६० अंशांपर्यंत कोणी नेलेच नाही.

म्हणून ट्रॅकवर जाण्यापूर्वीचे पहिले काम म्हणजे जुने ब्रेक ऑइल पूर्णपणे काढून ताजे, वरच्या उत्कलनबिंदूचे भरणे आणि नळ्यांतली हवा काढणे. हवा काढायला दोन माणसे लागतात. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचे निपल किंचित सैल करून बुडबुड्यांसह द्रव बाहेर येऊ देतो आणि पेडल सोडण्याआधी ते घट्ट करतो. वर टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर हवा पुन्हा आत शिरते. हे काम काही शेकड्यांत होते. त्यावर काटकसर करून हजारो रुपयांचा सायलेन्सर बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आवाज मात्र झकास येतो.

ब्रेक निकामी होण्याचा दुसराही एक प्रकार आहे आणि तो या पहिल्याहून वेगळा ओळखता यायला हवा. त्यात पेडल टणक लागते, पण मोटार थांबत नाही. येथे द्रव निर्दोष असतो, दोष असतो पॅडमध्ये. साध्या पॅडमधले घटक राळेसारख्या पदार्थाने बांधलेले असतात. फार तापल्यावर त्या राळेचे विघटन होऊन वायू सुटतो, आणि घर्षणांक घसरतो. ट्रॅकसाठी निराळे पॅड मिळतात, ते अशा तापमानाला मजेत काम करतात. पण थंड असताना त्यांची पकड कमी भरते, ते किंचाळतात आणि डिस्क लवकर झिजवतात. सकाळी घरून निघताना पहिल्याच चौकात मूल आडवे आले तर? थंड पॅडचे तेथे काम पडते. तेव्हा अगदी शर्यतीचे पॅड न घेता मधल्या प्रतीचे घ्यावेत, असे मला वाटते. पॅड जाडही हवेत. निम्मे झिजलेले पॅड रस्त्यावर चालतील, पण पातळ पॅडमधून उष्णता द्रवाकडे लवकर पोचते.

टायर, हवा आणि पायथागोरस

मोटारीवर चालक जे जे बल लावतो, ते शेवटी रस्त्याला टेकलेल्या चार तळहाताएवढ्या जागांतून जाते. टायरची पकड मर्यादित असते, आणि ती ब्रेकसाठी व वळण्यासाठी वाटून घ्यावी लागते. ही दोन बले एकमेकांना काटकोनात असतात. म्हणून त्यांची बेरीज साध्या बेरजेने न होता पायथागोरसच्या सिद्धान्ताने होते. एकूण पकड १ मानली आणि ब्रेकने ०.८ वापरली, तर वळण्यासाठी ०.२ नव्हे, ०.६ उरते. ३-४-५ चा त्रिकोण तुम्हाला आठवेल. वळणात शिरता शिरता ब्रेक हळूहळू सोडणाऱ्या कुशल चालकाला हे गणित पायाने येत असते.

टायरमधली हवा हा फार मनोरंजक विषय आहे. सकाळी २७ अंशांना, म्हणजे ३०० केल्व्हिनला, तुम्ही ३२ पौंड हवा भरली. पंपाचा काटा वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो, म्हणून वातावरणाचे १४.७ त्यात मिळवा. निरपेक्ष दाब झाला ४६.७. ट्रॅकवर टायरमधली हवा तापून ३६० केल्व्हिन, म्हणजे ८७ अंश झाली. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही. तेव्हा दाब ३६० भागिले ३०० या पटीने, म्हणजे १.२ पट वाढून ५६ होतो. त्यातून १४.७ वजा केले की काटा ४१ दाखवील. ४१ पौंडांना टायर मध्यभागी फुगतो, टेकलेली जागा लहान होते, मोटार घसरू लागते. म्हणून जाणकार लोक फेऱ्या मारून आल्याबरोबर, टायर गरम असतानाच दाब मोजतात आणि थोडी हवा सोडून देतात.

येथेच एक सापळा आहे. गरम टायरमधली हवा सोडून ३४ पौंडांवर आणली, असे समजा. संध्याकाळी टायर निवल्यावर दाब किती राहील? उलट गणित करा. २६ च्या खालीच भरेल! अशा टायरवर पाचशे किलोमीटरचा परतीचा प्रवास करायचा म्हणजे टायरच्या बाजू एकसारख्या दुमडत राहणार, आतून तापणार, आणि भर वेगात टायर फुटण्याची शक्यता वाढणार. ट्रॅकवर बरोबर असलेला दाब रस्त्यावर घातक ठरतो. निघण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, म्हणून लहान पंप आणि दाब मोजण्याचा काटा डिकीत हवा.

चाकांच्या कलण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. वळणात मोटारीचा सांगाडा बाहेरच्या बाजूला तीन-चार अंश झुकतो आणि बाहेरचे चाकही त्याच्याबरोबर कलून टायरच्या बाहेरच्या कडेवर उभे राहते. ट्रॅकवरून आलेल्या मोटारीची तीच कडा खाल्लेली दिसते. उपाय म्हणून चाके आधीच वरच्या बाजूने आत कललेली ठेवतात. याला कॅम्बर म्हणतात. रस्त्यावरच्या मोटारीत तो एखादा अंशही नसतो, ट्रॅकवाले दोन-तीन अंशांपर्यंत जातात. पण मग रोजच्या सरळ रस्त्यावर आतली कडा झिजते. दीड अंशाच्या आसपास तडजोड करावी. स्प्रिंगांबद्दल एक गैरसमज मात्र दूर करू. कडक स्प्रिंग घातल्या म्हणजे वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार कमी होतो, असे पुष्कळांना वाटते. सांगाड्याचे झुकणे कमी होते, हे खरे. पण एकूण किती भार सरकणार, ते मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि त्वरण यांवर ठरते. स्प्रिंगच्या कडकपणाचा त्यात जवळजवळ काही संबंध नाही.

इंजिनाला हात लावू नका असे म्हटले, तरी त्याच्या तेलाकडे पाहावेच लागते. एक प्रयोग करा. बसमध्ये खिडकीशी बसून अर्धा भरलेला पाण्याचा पेला हातात धरा. बस वळली की पाण्याचा पृष्ठभाग तिरपा होतो. या तिरपेपणाच्या कोनाचे स्पर्शज्या-मूल्य म्हणजे बाजूचे त्वरण भागिले गुरुत्वत्वरण. बसच्या सौम्य वळणात हे ०.२ असेल तर कोन ११ अंश. चांगल्या टायरची मोटार ट्रॅकवर ०.९ पर्यंत जाते. तेव्हा कोन ४२ अंश होतो! इंजिनाखालच्या चेंबरमधले तेल असे कडेला चढून बसले आणि वळण लांबलचक असले, तर पंपाचे तोंड उघडे पडते व पंप तेलाऐवजी हवा ओढतो. काही सेकंद तेलाविना फिरलेली बेअरिंगे पुढे किती दिवस टिकतील, ते सांगता येत नाही. म्हणून तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरलेले हवे, खूण ओलांडून नव्हे. चेंबरमध्ये आडव्या पत्र्याच्या भिंती बसवता येतात, त्या तेलाला धावू देत नाहीत. तेल बदलण्याचा काळही निम्म्यावर आणावा.

उरलेल्या गोष्टी साध्या आहेत. डिकी रिकामी करावी. पायाखालची चटई काढावी, कारण ती सरकून पेडलखाली अडकते. बॅटरी हलत नाही ना, पाहावे. चाकांचे नट टॉर्क रेंचने, मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत आणि पहिल्या फेऱ्यांनंतर, चाक निवल्यावर, पुन्हा तपासावेत. ॲल्युमिनियमचे चाक तापल्यावर पोलादी बोल्टच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. या ताणतणावात नटाची बैठक सैल पडू शकते. हेल्मेट तर लागतेच. विम्याचा कागदही वाचून ठेवावा. आपल्याकडील नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी यांतले नुकसान धरलेले नसते.

शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ न शिवता, संथ मारायची असते. डिस्कची उष्णता मुख्यतः वाहत्या हवेने जाते, आणि मोटार उभी राहिली की वारा बंद. मग डिस्कमध्ये साठलेली उष्णता द्रवाकडे वळते. थांबल्यावर द्रव उकळण्याचे प्रकार होतात, ते यामुळेच. त्याच कारणाने मोटार उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. तापलेल्या चकतीवर पॅड एकाच जागी दाबून राहिले तर तेथे डाग पडतो आणि पुढे ब्रेक दाबताना मोटार थरथरते.

घरी आल्यावर चाके काढून पॅडची जाडी मोजावी, डिस्कवर बारीक चिरा पडल्या आहेत काय ते उजेडात पाहावे, टायरच्या दोन्ही कडा हाताने चाचपाव्यात. आणि ब्रेक ऑइलची अर्धी उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी फडताळात ठेवू नये. झाकण उघडल्या दिवसापासून ती पाणी पिऊ लागलेली असते.